पेडण्याचं घर, दादरचा फ्लॅट आणि पोर्तुगीजांचा कायदा

प्रश्न : वडील मूळचे पेडण्याचे. 2014 साली वारले. पेडण्याचं घर आणि दादरचा फ्लॅट, दोन्ही त्यांनी मृत्युपत्राने थोरल्या भावाला दिले. आई हयात आहे, मी धाकटी मुलगी. भाऊ म्हणतो, "पोर्तुगीज 1961 ला गेले. गोव्याचा कायदा असलाच तर गोव्यापुरता, फ्लॅट महाराष्ट्रात आहे." मला काहीच मिळणार नाही का?

उत्तर : ताई, पोर्तुगीज गेले एवढं भावाचं खरं.

राजवट बदलली की नवं सरकार जुन्या राजवटीतलं जे मानेल तेवढंच टिकतं. दमणच्या एका व्यापाऱ्याकडे मुक्तीच्या तोंडावर पोर्तुगिजांनी दिलेले आयात परवाने होते. भारत सरकारने ते मानले नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयातही त्याला दाद मिळाली नाही. वारसाहक्काचं उलट झालं. संसदेने 1962 च्या कायद्याने गोव्यातले चालू कायदे पुढे चालू ठेवले, त्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिताही आली. पोर्तुगालने स्वतः 1966 मध्ये नवी संहिता करून ती मोडीत काढली, म्हापशाच्या कोर्टात मात्र ती चालतच राहिली!

2019 च्या कुतिन्हो निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की संसदेने स्वीकारल्यावर हा कायदा परका राहिला नाही, भारतीय झाला. म्हणून गोव्याचा अधिवास, म्हणजे कायदा मानतो ते कायमचं घर, असलेल्या माणसाच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही तोच लागू. त्या खटल्यातली मालमत्ताही मुंबईचीच होती.

तुमची खरी लढाई अधिवासावर होईल. वडील नोकरीपुरते दादरला राहून पेडण्याला परतले असतील तर बाजू भक्कम आहे. कायमचे मुंबईकर झाले असतील तर भावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवेल. त्यांची मतदार यादीतली नोंद, रेशनकार्ड, निवृत्तीनंतरचा पत्रव्यवहार, सगळं आजच गोळा करा.

आईवडिलांचं लग्न गोव्यात नोंदलेलं असेल आणि मालमत्तेचा वेगळा करार नसेल, तर अर्धी मालमत्ता मुळात आईची. उरलेल्या अर्ध्यातल्या निम्म्यावरच मृत्युपत्र चालतं, बाकी निम्मं तुम्हा दोघांना सारखं. म्हणजे रुपयात आठ आणे आईचे, सहा भावाचे, दोन तुमचे. हा वाटा फार नाही, पण भाऊ म्हणतो तसा शून्यही नाही.

भावाने मुंबईत प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर, घेतलं असेल तरी घाबरू नका. त्याने मृत्युपत्र खरं ठरतं, हिस्से ठरत नाहीत. गोव्याच्या दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरीचा, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याचा, अर्ज करा, यादीत दादरचा फ्लॅट घाला आणि सोसायटीला लेखी हरकत कळवा. तोवर आईची सही कुठल्याही कागदावर होऊ देऊ नका.