वाचकांचे प्रश्न : उन्हाळ्यात खुडूक बसलेली सिल्की

प्रश्न : आम्ही जुळे सोलापूरला राहतो. परसात चार सिल्की कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यांतली पांढरी कोंबडी होळीनंतर दुसऱ्यांदा खुडूक बसली आहे. खोक्यातली अंडी काढून घेतली तरी ती रिकाम्या भुश्यावर बसून राहते आणि दिवसातून एकदाच दाणे टिपायला उठते. सासूबाई म्हणतात, पाण्यात बुचकळून काढा, नाहीतर नाकात पीस घाला. यजमानांच्या मते खाली अंडी ठेवून पिल्ले काढून घ्यावीत. आम्ही काय करावे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली कोंबडी आजारी नाही, हे आधी लक्षात घ्यावे. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढले की कोंबडीचे अंडी देणे थांबते आणि तिला उबवण्याची ओढ लागते. व्यापारी लेअर (केवळ अंड्यांसाठी पाळल्या जाणाऱ्या) कोंबड्यांमधून हा गुण निवडीने जवळजवळ नाहीसा केला गेला. सिल्कीत मात्र तो पुरेपूर टिकून आहे. त्यामुळे सिल्की वर्षातून अनेकदा खुडूक बसते, आणि तेवढी वर्षाची अंडी कमी मिळतात. अंड्यांसाठीच कोंबड्या पाळणाऱ्याने सिल्की घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण पिल्ले वाढवण्याची आवड असणाऱ्या घरात तिच्याइतकी मायाळू कोंबडी दुसरी सापडणे कठीण.

तरीही या दिवसांत तिच्याखाली अंडी ठेवू नयेत. अंडे नीट उबायला साधारण साडेसदतीस अंश तापमान लागते, आणि ते चाळीसच्या वर काही तास राहिले तर आतला जीव मरतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत सावलीतच पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो. पत्र्याखालच्या खुराड्यात तर त्याहून अधिक. म्हणजे कोंबडीने कितीही निष्ठेने बसायचे ठरवले तरी दुपारी अंडी भाजून निघणार, आणि ती स्वतः चोच उघडी टाकून धापा टाकत बसणार. खुडूक कोंबडी खाणेपिणे आधीच कमी करते, तिचे वजन उतरते. त्यात हा उष्मा तिच्या जिवावर बेतू शकतो.

सासूबाईंचे दोन्ही उपाय जुने आहेत, गावोगाव चालतही आले आहेत, पण मी ते सुचवणार नाही. नाकपुडीत पीस खुपसल्याने इजा होते आणि श्वासाला अडथळा येतो. बुचकळण्याबद्दल सांगायचे तर, सिल्कीच्या पिसांना एकमेकांत अडकवणारे बारीक आकडे नसतात, त्यामुळे पाणी निथळून न जाता सरळ कातडीपर्यंत मुरते आणि अंग फार वेळ ओले राहते.

त्याऐवजी तळाला जाळी असलेला पिंजरा विटांवर उचलून कडुलिंबाच्या सावलीत, इतर कोंबड्या दिसतील अशा जागी ठेवावा. आत भुसा, गवत, गोणपाट काहीही घालू नये. दाणापाणी मात्र भरपूर असावे. खालून वारा लागला की पोटाची ऊब कमी होते आणि बहुतेक कोंबड्या तीन ते पाच दिवसांत खुडूक मोडतात. सायंकाळी तिला बाहेर सोडून पाहावे. ती इतरांबरोबर माती उकरू लागली तर काम झाले. पण पिसे फुलवून, घशातून गुरगुरत तडक खोक्याकडे निघाली, तर आणखी दोन दिवस पिंजऱ्यात ठेवावे. पुन्हा अंडी सुरू व्हायला त्यानंतर दोन-तीन आठवडे लागू शकतात. तेवढा धीर धरावा. सोडण्यापूर्वी पोटाखालची आणि शेपटीखालची पिसे बाजूला सारून उवा आहेत का, हे जरूर पाहावे. बसून राहिलेली कोंबडी मातीत अंग घोळत नाही, म्हणून तिच्या अंगावर त्या झपाट्याने वाढतात. पुढेही अंडी दिवसातून दोनदा गोळा करत जावे.

यजमानांची इच्छा दिवाळीनंतर पुरवता येईल. खुडूक बसलेल्या कोंबडीला रात्रीच्या अंधारात वेगळ्या खोक्यात हलवावे. सिल्कीला उडता येत नाही, म्हणून खोके जमिनीलगतच असावे. तिच्याखाली आठवड्याच्या आतली सात-आठ अंडी ठेवावीत आणि त्यांच्यावर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मागाहून घातलेले अंडे ओळखून काढता येते. सातव्या-आठव्या रात्री मोबाइलच्या उजेडावर अंडे धरले की फलित अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. निव्वळ पारदर्शक राहिलेली अंडी काढून टाकावीत. बसलेल्या कोंबडीला मालदांडी ज्वारी, मका असे अख्खे दाणे द्यावेत. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये; एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्ले बाहेर येतात.

प्रश्न : आमच्याकडे कडकनाथ आहेत, पण त्या अंडी घालून निघून जातात. त्यांची अंडी सिल्कीखाली उबवता येतील का? दोन्ही काळ्याच, म्हणजे एकाच जातीच्या का?
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : जाती वेगळ्या आहेत. कडकनाथ मध्य प्रदेशातील झाबुआ-धार भागातला. सिल्की मूळची चीनकडची, आणि तिच्या पायाला चारऐवजी पाच बोटे असतात. कातडी, मांस आणि हाडे दोघींचीही काळी, एवढे साम्य खरे. कडकनाथ माद्या उबवायला सहसा बसत नाहीत, म्हणून आपला विचार अगदी योग्य आहे. सिल्की लहान चणीची आणि कडकनाथची अंडी तिच्या अंड्यांहून मोठी, तेव्हा पाच-सहाच ठेवावीत. कडेची अंडी उघडी पडली तर ती फुकट जातात.

पिल्लांना पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून ठेवावे, नाहीतर ती बुडतात. मानमोडी (राणीखेत) या रोगाविरुद्ध लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी द्यावी लागते. कुपी शेकडो मात्रांची येते आणि उघडल्यावर एक-दोन तासांतच वापरावी लागते. म्हणून पिल्ले फुटायच्या आधीच पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून ठेवावे आणि शेजारपाजारी कोणाकडे पिल्ले असतील तर सगळ्यांनी मिळून एकच दिवस ठरवावा.