भकाळीवर हात ठेवायला शीक

प्रश्न : काका, मी देवगड तालुक्यातली. बारावी सायन्स झाली, पण नीटला गुण कमी पडले. आता पशुसंवर्धनाची पदविका करावी म्हणते. आई म्हणते, मुलीच्या जातीला हे काम नको. काय करू?

उत्तर : बाये, जरूर कर. फक्त डॉक्टरकी हुकली म्हणून करू नकोस. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, ती वाट वेगळी. पदविकेसाठी नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं यंदाचं माहितीपत्रक वाच. कॉलेज मान्यताप्राप्त आहे ना, हे फी भरायच्या आधी बघ.

आधी हात तयार कर. गायीच्या डाव्या भकाळीवर, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेवर, मूठ दाबून धर. निरोगी गायीचं पोट दोन मिनिटांत दोन-तीनदा मुठीला बाहेर ढकलतं. ते मंदावलं, रवंथ थांबला, की थर्मामीटर काढायचा.

नोकरीत नवा होतो तेव्हा गुरांच्या लाळ्या-खुरकुत रोगाची लस घेऊन एका वाडीवर निघालो. एसटी घाटात बंद पडली. पोचलो तोवर पेटीतल्या बर्फाचं कोमट पाणी झालेलं. ही लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी. लोक गुरं बांधून सकाळपासून थांबले होते. टोचली असती तर त्या दिवशी कुणाला कळलं नसतं. हात जोडून परत फिरलो, नवी लस घेऊन पुन्हा गेलो.

कृत्रिम रेतनातही तापमानाचं तेच. गोठवलेल्या वीर्याची कांडी उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून काढून ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, मग कोरडी पुसायची. आपली कोकण कपिला गाय लहान चणीची. रेतनाला हात तिच्या गुदद्वारातून आत घालावा लागतो, तिथे तुझा बारीक हात उलट सोयीचा, हे आईला सांग. तुमच्या गोठ्यात धार, चारा, शेण सगळं तीच बघत असणार ना?

पदविका झाली की १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली लस टोचणं, खच्चीकरण, जखम बांधणं असे प्राथमिक उपचार तुला करता येतील. गाय विताना अडली तर लोक म्हणतील, "तूच काय ता कर!" तेव्हा डॉक्टरांना फोन लाव. पावसात लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या, गुरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाची, भीती असते, पायाला जखम असेल तर गमबुटाशिवाय गोठ्यात उतरू नकोस.

पावसाळ्याआधी गुरांच्या घटसर्पाच्या लसीकरणाला दवाखान्यातली माणसं वाडीवाडीत फिरतात. चार दिवस त्यांच्याबरोबर हिंड. गुरं धरायला त्यांना माणूस हवाच असतो.