मोबाइल की प्रोटीन पावडर? दोन्ही नको, खोलीवरच्या शेगडीवर लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहात, पुण्यात तिघं मित्र खोली घेऊन राहता, इंडक्शनवर स्वयंपाक करता आणि आता ॲफिलिएट रिव्ह्यू (म्हणजे ज्यातल्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं असे लेख) लिहायला सुरुवात करायची आहे. ‘निश’ म्हणून, म्हणजे लिहिण्याचा ठरावीक विषय म्हणून, मोबाइल घ्यावा की प्रोटीन पावडर, कमिशन कशात जास्त?

मी पाच वर्षं मिक्सर, कुकर, इस्त्री अशा घरातल्या वस्तूंवर मराठीत लिहितोय. त्या अनुभवावरून सांगतो, दोन्ही घेऊ नका.

मोबाइलपासून मीही सुरुवात केली होती. आठ महिन्यांत चाळीसेक लेख लिहिले आणि त्यातला एकही फोन मी हातात घेतलेला नव्हता. कंपनीच्या पानावरचे आकडे मराठीत उतरवायचे, एवढंच काम. एका वाचकाने साधा प्रश्न विचारला, ‘उन्हात गाडीवर असताना स्क्रीन दिसते का?’ मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण तो माणूस माझ्या शब्दावर पैसे खर्च करणार होता. मोठ्या यूट्यूबवाल्यांकडे फोन बाजारात येण्याआधीच पोहोचतो. त्यांच्याशी नवखा माणूस बरोबरी करू शकत नाही. त्यात वर्षभरात मॉडेल मागे पडतं, की लेखही गेला.

प्रोटीन पावडरचा मामला वेगळा, तो लोकांच्या तब्येतीचा आहे. ‘महिन्यात वजन वाढलं’ असं तुम्ही लिहिलंत आणि ते दिशाभूल करणारं ठरलं, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे शिफारस करणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिकताना एवढी जोखीम अंगावर घेऊ नका.

विषय निवडताना मी एकच कसोटी लावतो: या वस्तूबद्दल लोक तुम्हाला आधीपासून विचारतात का? माझ्या मामांचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं, सुट्टीत मी तिथेच असायचो. बायका पिशवीत मिक्सर घालून आणायच्या, ‘जळला बहुतेक’ म्हणायच्या. मामा मिक्सर उलटा करायचे, खालचं लाल बटण दाबायचे आणि मिक्सर सुरू! ओल्या खोबऱ्याची चटणी वाटताना भार जास्त झाला, की मोटार वाचवण्यासाठी ते बटण बाहेर येतं. माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख या बटणावरच आहे. तो लिहायला मला काहीच शोधावं लागलं नाही.

तुमच्याकडे अशी वस्तू आहे आणि ती तुम्ही प्रश्नात स्वतःच लिहिली आहे: इंडक्शन शेगडी. दरवर्षी जून-जुलैत पुण्यात हजारो मुलं-मुली नव्या खोल्या घेतात आणि त्यांना पडणारे प्रश्न तुम्ही सोडवून बसला आहात.

आता बघा यात लिहिण्यासारखं किती आहे. २००० वॅटची शेगडी पूर्ण जोरात साधारण ८.७ अँपिअर खेचते. खोलीतला लहान प्लग ६ अँपिअरचा असतो, त्याला तो भार झेपत नाही. सॉकेट तापतं, वास येतो, मग घरमालक रागावतो. तिथे १६ अँपिअरचा मोठा प्लगच लागतो. ही गोष्ट खोक्यावर सहसा ठळक लिहिलेली नसते. घरून आणलेला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटतो का, एवढं पाहिलं की कळतं. स्वस्त शेगडीवर मंद आच म्हणजे खरी मंद आच नसते. ती थोडा वेळ जोरात चालते, थांबते, पुन्हा जोरात चालते, म्हणून दूध उतू जातं. मग वीजबिल: २००० वॅटवर अर्धा तास म्हणजे १ युनिट. तिघांत वाटणी कशी करता, तेही लिहा. खालच्या पंख्यात झुरळं शिरतात त्याबद्दल तर नक्की लिहा, कारण पहिल्या पावसाळ्यातच तो अनुभव येतो. त्या लेखांतून पुढे सपाट बुडाची कढई, छोटा कुकर, किटली, एक्स्टेंशन बोर्ड अशा वस्तू आपोआप येतात.

कमिशनचं म्हणाल, तर दर वस्तूच्या प्रकारानुसार ठरतो आणि बदलत राहतो, म्हणून अर्ज करण्याआधी कमिशनच्या दरांचा चालू तक्ता स्वतः वाचा. नवख्यासाठी टक्क्यांपेक्षा मला किंमत महत्त्वाची वाटते. दोन-अडीच हजारांपर्यंतची वस्तू माणूस अनोळखी लेखकाच्या सांगण्यावरून घेतो, चाळीस हजारांची घेत नाही. ॲमेझॉनच्या ॲफिलिएट योजनेत सुरुवातीच्या १८० दिवसांत किमान ३ विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं, आणि स्वतःच्या लिंकवरून स्वतः केलेली खरेदी धरत नाहीत. तीन कढया विकल्या जातील, तीन फ्रिज अवघड. लेखात वस्तूची किंमत हाताने टाइप करू नका, ती रोज बदलते.

पैसे लगेच येत नाहीत, हेही मनाशी धरून चाला. मला पहिलं कमिशन चार महिन्यांनी दिसलं, १४ रुपये, मिक्सरच्या भांड्याच्या झाकणाच्या रिंगवर. परीक्षेच्या काळात फीची सोय यावर अवलंबून ठेवू नका.

एक गोष्ट मात्र पहिल्या लेखापासून करा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये शिफारस करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या आहेत. आर्थिक संबंध असेल तर तो वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही असा सांगावा लागतो. तुम्ही मराठीत लिहिता तर सांगणंही मराठीतच हवं: ‘या लिंकवरून खरेदी केलीत तर मला कमिशन मिळतं.’ हे लिंकच्या आधी लिहा, तळाशी बारीक अक्षरांत नको. माझ्याकडे ते वाक्य पहिल्याच परिच्छेदात असतं. त्यामुळे कोणी वाचायचं थांबल्याचं मला दिसलं नाही. उलट एक काकू दुकानातून कुकर घेणार होत्या, त्यांनी ते थांबवून माझ्याकडे मुद्दाम लिंक मागितली होती.