‘पूल हसलर’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न असा होता की १९८६ चा ‘द कलर ऑफ मनी’ हा पूलवरचा (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) इंग्रजी सिनेमा बघताना ‘हसलर’ला मराठीत काय म्हणायचं, ठग चालेल का?

माझ्या मते नाही चालणार. ठग, भामटा हे लोक काहीच न देता लुटतात, पण पूलमधल्या हसलरचा हात खरोखरच चांगला असतो, फक्त तो ते लपवतो, आधी दोनचार गेम मुद्दाम हरतो, समोरच्याला चढवतो आणि पैज वाढली की मग खरा खेळ काढतो. (हसल मूळचा डच, अर्थ हलवणं, खुळखुळवणं. टोपीत नाणी खुळखुळवून खेळायचा जुगार होता त्यावरून. आपल्या ‘टोपी घालणे’शी काही संबंध नाही, उगाच जोडू नका 😄) आणि हल्ली जे ‘साइड हसल’ म्हणतात ते वेगळंच, तिथे नुसती धडपड.

आपल्याकडे याला नाम नाही पण क्रियापद आहे आणि झकास आहे: वेड पांघरून पेडगावला जाणे. भीमाकाठच्या पेडगावात मुघल सरदार बहादूरखानाची छावणी होती, मराठ्यांची छोटी तुकडी समोर येऊन पळाली, खान सगळी फौज घेऊन मागे लागला आणि इकडे मोठ्या तुकडीने छावणी लुटली, असं सांगतात. म्हणीचा उगम हाच का यावर वाद घाला हवं तर, पण चाल तंतोतंत हसलरचीच आहे ना!

सिनेमातल्या पॉल न्यूमनच्या एडीला, म्हणजे त्या मुरलेल्या हसलरला मात्र मी ‘गुरू’ म्हणणार नाही, ‘वस्ताद’ म्हणेन. तालमीत शिकवणारा तोही वस्ताद आणि “लई वस्ताद आहे हा” म्हणतो तोही, एडी दोन्ही आहे. तो टॉम क्रूझच्या व्हिन्सेंटला शिकवतो काय तर हरायला, आणि त्या पोराला नेमकं तेच जमत नाही, समोर टेबल दिसलं की मिरवायलाच लागतो. वस्तादाने एक डाव राखून ठेवावा म्हणतात, इथे उलटं होतं, अटलांटिक सिटीच्या स्पर्धेत चेलाच वस्तादाशी मुद्दाम हरतो, बाहेर त्याच मॅचवर पैसे लावून कमावतो आणि वर एडीला त्याचा वाटा म्हणून ८,००० डॉलरचं पाकीट आणून देतो.

याला कुणी ‘नूरा कुस्ती’ म्हणेल, पण नूरा कुस्तीत दोघांचं आधी ठरलेलं असतं, एडीला तर पत्ताच नव्हता, तो आपण खरंच जिंकलो समजून खूश! म्हणून तिथे साधं “मुद्दाम हरलो” एवढंच लिहिलेलं बरं.