वाळूत पाणी किती?

“एवढं सगळ्यांचं केलं, मला काय मिळालं सांगा की!” बेळगाव असो, खानापूर असो की निपाणी, हे वाक्य येतंच. पाठोपाठ दुसरं: “आता कुणाचंच करणार नाही.”

बेळगावच्या उद्यमबागेत मोल्डर (धातू ओतायचे वाळूचे साचे करणारे कारागीर) असलेले एक गृहस्थ (ओळख बदललेली) हेच घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला आले. पगार २८ हजार. त्यातले आठ-नऊ हजार उसने जायचे, परत क्वचितच यायचे.

“‘नाही’ का म्हणत नाही?” मी विचारलं.
“माणसं काय म्हणतील?”
“मग दिलं ते त्यांच्या गरजेपोटी, की त्यांच्या तोंडाला घाबरून?”

ते गप्प झाले. दोन बैठका तशाच गेल्या. तिसरीत विचारलं, साच्याच्या वाळूत पाणी किती घालता?

गडी खुलला. जास्त झालं तर वाफ कोंडून कास्टिंगला भोकं पडतात, कमी झालं तर साचा ढासळतो. “मूठ दाबून बघायची. आकार राहिला पाहिजे, हात ओला होता कामा नये.”
“कुणी शिकवलं?”
“करून करून हातालाच कळलं.”

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ.स.पू. ३८४–३२२) याहून वेगळं सांगत नाही. सद्गुण सवयीनं अंगी येतो आणि दोन टोकांच्या मध्ये असतो: इकडे उधळेपणा, तिकडे चिक्कूपणा, मध्ये दातृत्व. पण मध्य म्हणजे निम्मं नव्हे; नवशिक्याला जास्त होणारा खुराक मिलो पैलवानाला कमीच पडेल, हे उदाहरण त्याचंच. चांगल्या जगण्याला तो ‘युडायमोनिया’ म्हणतो; त्याला नुसतं ‘सुख’ म्हणणं मला पटत नाही. विवेकानं जगताना आयुष्य बहरतं, ते जगण्यातच. शेवटी हातात पडणारं बक्षीस नव्हे. म्हणून ‘काय मिळालं’ हा हिशेबच चुकतो. आणि बहराला थोडा पैसा, थोडी माणसं लागतात, हेही तो मान्य करतो. घर उपाशी ठेवा असं तो म्हणत नाही.

वहीत चार रकाने पाडले: कुणाला, किती, केव्हा, कशासाठी. मागणी आली की एक रात्र थांबायचं. महिन्याला १,५०० ची मर्यादा, मुद्दाम आवळलेली; वाकलेलं लाकूड उलट बाजूला दाबूनच सरळ होतं.

तिसऱ्या आठवड्यात गाडी घसरली. बहिणीच्या औषधालाही त्यांनी नकार दिला. वही पाहिली, तर ‘कशासाठी’ कोरा! नुसती मर्यादा पाळली होती, विचार केलाच नव्हता. (बहुतेकांचं इथंच बिघडतं.) दुसऱ्या दिवशी बहिणीला १,२०० दिले, चौथ्यांदा मागणाऱ्या दोस्ताला तोंडावर नाही म्हटलं.

“अजून मूठ बसली नाही हो,” परवा म्हणाले, “पण कळाय लागलंय.”