सराफाच्या काउंटरवर उभं राहण्याआधी

प्रिय पोरी,

तुझा मेसेज वाचला, सराफाच्या शोरूममध्ये सेल्सची नोकरी मिळतेय, घेऊ का म्हणून. घे. पण काय घेतेयस ते समजून घे, मी त्या काउंटरमागे १४ वर्षं काढलीत.

तिथं हात शिकतो बघ. दागिन्यावर ९१६ चा शिक्का म्हणजे २२ कॅरेट, ७५० म्हणजे १८, हे आठवड्यात पाठ होईल, पण ठुशी तळहातावर घेतली की ती किती ग्रॅमची असेल हा अंदाज यायला दोन-तीन दिवाळ्या जाव्या लागतात, आणि एकदा आला की तो तुझाच, दुकान बदललंस तरी तुझ्याबरोबर येतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना सहा अक्षर-आकड्यांच्या एचयूआयडीशिवाय, म्हणजे त्या दागिन्याच्या स्वतःच्या ओळख नंबराशिवाय, विकता येत नाही, तो नंबर भिंगातून गिऱ्हाइकाला तू आपणहून दाखव, बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा म्हणून सांग. माणसं परत तुलाच शोधत येतात.

त्रासही आहे. धनत्रयोदशी, पाडवा, गुरुपुष्य, सुट्टी विसर. पाय भरून येतात. भाव चढला की लोक नुसते बघून जातात, टार्गेट मात्र तेवढंच राहतं.

माझ्या दुसऱ्याच वर्षी रात्रीच्या टॅलीत कुड्यांचा एक जोड कमी आला, माझ्या पगारातून कापायला लागले, आणि तीन महिन्यांनी तो ट्रेच्या मखमलीखाली सापडला. पैसे परत मिळाले गं, पण तोवर रोज घरी निघताना माझी पर्स सगळ्यांत जास्त वेळ तपासायचे, ते अजून आठवलं की घशात काहीतरी अडकतं. म्हणून सांगते, सकाळी ट्रे ताब्यात घेताना नग स्वतः मोज, वजन कर, मगच सही कर, मागे कितीही घाई चालू असो. माल कमी आला तर कोण भरणार हे जॉइन होण्याआधीच लेखी माग, पीएफचंही विचार.

आणि कधी एखादी आजी रुमालात बांधून पाटल्या मोडायला आणेल, बहुतेक घरात दवाखाना चालू असेल. तिला आधी सांग की मजुरी परत मिळत नाही, वितळवताना घट किती धरणार तेही सांग. काटा तिच्याकडं फिरव, शून्य दिसलं का विचार, ती हो म्हणाली की मग पाटली ठेव.

जॉइन झालीस की फोन कर.

तुझी,
मावशी