प्रोबेशनचं सोडा, मुलगा कितवीत आहे ते बघा

तुम्ही विचारलंय, पुण्यातली अकरा वर्षांची पर्मनंट नोकरी सोडून जर्मनीत आल्यावर सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्येच नारळ मिळाला तर काय करायचं. झोप उडालीय म्हणता. हातात बर्लिन आणि म्युनिक अशा दोन ऑफर, मुलगा दुसरीत. तुमचा प्रश्न वाचून माझीही झोप गेली, म्हणून हे लांबण लावतेय. ब्लू कार्डसाठी (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा इथला परवाना) पगार किती, कागद कोणते, ते सरकारी पानांवर नीट दिलंय. त्यात मी पडत नाही.

प्रोबेशनमध्ये कारण न देता दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढतात, हे खरंय. पण नोटीस कागदावर, पेनाने सही करूनच द्यावी लागते. ईमेलने किंवा तोंडी सांगून नोकरी जात नाही. त्या सहा महिन्यांत जास्त छळते ती इथली शांतता. आपल्याकडे मॅनेजर निदान "झालं का?" म्हणून डोक्यावर बसतो. इथे काम दाखवलं की "पास्ट" म्हणजे "ठीक आहे" एवढंच बोलून पुन्हा स्क्रीनकडे वळतात. मी तो "पास्ट" घरी आणून रात्रभर त्याचा कीस पाडायचे. शेवटी तिसऱ्या महिन्यात मीच बॉसची वेळ मागितली. तुम्ही पहिल्याच महिन्यात मागा. तोंडावर स्पष्ट सांगतात, पण विचारलं तरच.

गंमत म्हणजे माझी नोकरी प्रोबेशनमध्ये गेलीच नाही. 2019 ला बर्लिनला आले, प्रोबेशन सुखरूप पार पडलं, आणि 2022 मध्ये कंपनीतला पैसा आटला तेव्हा गेली. काचेची मीटिंग रूम, समोर एचआरची बाई, टेबलावर दोन पानं आणि पेन. परस्पर संमतीने करार संपवतोय, इथे सही करा. अशा कागदावर सही केली तर बेकारभत्ता बारा आठवड्यांपर्यंत अडू शकतो, हे एका पोलिश सहकाऱ्याने आदल्याच दिवशी मला जिन्यात गाठून सांगितलं होतं. मी म्हटलं, घरी नेऊन वाचते. तुम्हीही तेवढंच म्हणा आणि उठा. नोकरी जाणार हे कळल्यावर तीन दिवसांत रोजगार कार्यालयाला कळवायचं. नोटिशीविरुद्ध कोर्टात जायचं तर ती मिळाल्यापासून तीन आठवडे असतात. आधी बारा महिने विमा भरलेला असेल तर भत्ता मिळतो, पदरी मूल असेल तर निव्वळ पगाराच्या साधारण 67 टक्के. उपाशी मरत नाही कोणी.

कागदांनी मात्र जीव खाल्ला. इथे कायमचं राहण्याच्या परवान्याचा अर्ज आत पडलेला, आणि पत्र आलं की सध्याच्या नोकरीचा दाखला जोडा. कुठून जोडू? बव्हेरिया राज्यातल्या न्यूर्नबर्गला नवी नोकरी लागली, तर तिथल्या घरमालकाला तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा हव्यात, त्याही नव्या कंपनीच्या. आणि पुन्हा प्रोबेशन. चाळिशी उलटल्यावर.

आता शाळा. बर्लिनमध्ये प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, बव्हेरियात चौथीपर्यंतच. लेक तिकडे तिसरी करून आली ती इकडे थेट निकालाच्या वर्षात बसली. चौथीच्या मे महिन्यात दाखला देतात: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास यांची सरासरी 2.33 पर्यंत असेल तर गिम्नाझियम, म्हणजे थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा, 2.66 पर्यंत असेल तर रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. इथे 1 म्हणजे सर्वांत वरचा शेरा. त्या हिवाळ्यात घरात आम्ही दोघीही प्रोबेशनवर होतो. जेवणाच्या टेबलावर बव्हेरियाचा कोरा नकाशा पसरलेला, त्यात सात विभाग भरायचे. वर्गातल्या पोरांना ते आजोळी जाता-येता पाठ झालेले. आमची बर्लिनची कन्या ओबरफ्रांकेन आणि उंटरफ्रांकेनची हटकून अदलाबदल करायची. (नावात वर-खाली असलं तरी नकाशात दोन्ही वरच आहेत, तिचं काय चुकलं?) मी समोर बसून प्रश्न विचारायचे आणि एक डोळा ऑफिसच्या चॅटवर. 2.66 आले. बाई म्हणाल्या, रेआलशूलमधूनही पुढे जाता येतंच की. येतं, दहावीनंतर वाटा आहेत, लेक मजेत आहे. पण कंपनी तगली असती तर पोरीला आणखी दोन वर्षं मिळाली असती, हा हिशोब माझ्या डोक्यातून जात नाही. नवऱ्यासमोर तो मांडायची आता बंदी आहे.

एकटेपणाबद्दल विचारलंत. गणपतीला मंडळ असतं, आईचा व्हिडिओ कॉल असतो. भागतं.

आज परवाना कायमचा आहे, नोकरी पक्की आहे. तरी इनबॉक्समध्ये एचआरचं नाव दिसलं की पोटात गोळा येतो, मेल पार्किंगबद्दलचा असला तरी. 2022 चं आईला अजून सांगितलेलं नाही; तिला वाटतं माझी बदली झाली. तेव्हा सहा महिन्यांनी धाकधूक संपेल, असलं काही माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर म्युनिकही बव्हेरियातच, तिथे आलात की दोन वर्षांत चौथी येऊन ठेपते. बर्लिनला पगार थोडा कमी आहे म्हणता, तरी मी बर्लिन घेतलं असतं. नवरा म्हणतो, म्युनिक. एक नोकरी गेली तरी गाव न सोडता दुसरी मिळेल. आमचं यावर पटत नाही. पण तुमच्या कामाच्या कंपन्या कुठल्या शहरात जास्त आहेत, ते आधी मोजा. नोकरी गेल्यावर दुसऱ्या राज्यात जावं लागू नये, एवढंच त्यात बघायचं. तुमची लाइन कुठली ते तुम्ही लिहिलेलंच नाही. कळवलंत तर इथल्या ओळखीच्यांना विचारते.